प्रशासक चांगला होता, म्हणून निवडणूक नको?

विदर्भातल्या खेड्यांत अलीकडे एक मत फार सहज मांडलं जातं. कृषी केंद्राच्या बाकावर, एसटीच्या थांब्यावर, तेरवीच्या पंगतीतही ते ऐकू येतं: "प्रशासकाच्या काळात झेडपी बरी चालली. मेंबरची कटकट नोयती." प्रशासक म्हणजे मुदत संपलेल्या संस्थेवर निवडणूक होईपर्यंत बसवलेला अधिकारी. यातून पुढचा निष्कर्ष निघायला वेळ लागत नाही. मग निवडणुका घ्यायच्याच कशाला? काही जण याहून पुढे जातात. त्यांच्या मते राष्ट्रपतींनी दिल्लीहून शिकलेले, करडे अधिकारी नेमावेत, जिल्हा आणि तालुका त्यांच्या हाती द्यावा आणि पुढाऱ्यांना घरी बसवावं. यावर समोरून येणारं उत्तरही तितकंच सैल असतं: नेमणूक म्हणजे हुकूमशाही, संविधान बुडालं. पहिल्या बाजूला हे विचारायचं सुचत नाही की नेमणारा कोण आणि नेमलेल्याला जाब कोण विचारणार. दुसरी बाजू विसरते की त्याच संविधानाने राष्ट्रपतींच्या सहीने होणाऱ्या कितीतरी नेमणुका ठरवून दिल्या आहेत आणि त्यांच्यावाचून देशाचा कारभार एक दिवस चालणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. गावाचा आणि जिल्ह्याचा पैसा कुठे जायचा हे ज्या खुर्चीवरून ठरतं, ती खुर्ची तिथल्या लोकांच्या मतानेच भरली पाहिजे. तिच्यावर वरून बसवलेला माणूस कितीही सज्जन असला तरी सहा महिन्यांपलीकडे तिथे राहता कामा नये. याउलट, सत्तेवर नजर ठेवणारी जी पदं आहेत, म्हणजे निवडणूक आयुक्त, महालेखापरीक्षक, न्यायाधीश, ती नेमणुकीनेच भरावीत. मात्र ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांच्या एकट्याच्या मर्जीने ती भरली जाऊ नयेत. आज आपल्याकडे या दोन्ही बाबतींत उलटं चाललं आहे. ठरवणाऱ्या खुर्च्यांवर नेमलेली माणसं वर्षानुवर्षं बसतात, आणि पंचांची निवड खेळणारा संघच करतो.

घडलं काय, ते आधी नीट पाहू. अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्हा परिषदा फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आल्या. मार्च २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक झाले. पंचायत समित्या गटविकास अधिकाऱ्यांकडे गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये नागपूर, अकोला, वाशिम यांचीही मुदत संपली. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली. तिच्यातलं कलम २४३-ई स्पष्ट सांगतं की पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि पुढची निवडणूक ती संपण्याआधी झालेली असली पाहिजे. मुदतीआधी बरखास्ती झाली तरी सहा महिन्यांच्या आत निवडणूक. २००६ साली अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा बजावलं होतं. तरीही या सहा जिल्ह्यांतली माणसं तीन वर्षांहून जास्त काळ आपल्या सर्कलच्या सदस्याविना राहिली. कारण होतं ओबीसी आरक्षणाचं. नागपूर, अकोला, वाशिम, भंडारा, गोंदिया या विदर्भातल्याच जिल्हा परिषदांवरून गेलेल्या प्रकरणात ४ मार्च २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी कसोटी लावली: आयोग नेमून मागासलेपणाची माहिती गोळा करा, तिच्यावरून आरक्षणाचं प्रमाण ठरवा, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नका. मग आयोग, त्याचा अहवाल, प्रभागरचनेचे बदललेले आकडे, मुंबईतलं सत्तांतर, असं करत प्रकरण लोंबकळत राहिलं. अखेर ६ मे २०२५ला न्यायालयालाच सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या, आणि तीही मुदत पुढे वाढवावी लागली. प्रतिनिधित्व कोणाला किती मिळावं याचा वाद चालू असताना प्रतिनिधित्वच सगळ्यांचं गेलं. त्याची खंत व्यक्त करण्याऐवजी आपण म्हणतो, बरं झालं.

हे "बरं झालं" म्हणणाऱ्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण ते मूर्ख नाहीत. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं खरं आहे. पंचायतीच्या निवडणुकीनंतर भाऊ भावाच्या धुऱ्यावरून जात नाही, अशी घरं प्रत्येक गावात दाखवता येतील. सरपंचपदी बाई निवडून येते आणि सचिवाशी बोलतो तिचा नवरा, हेही खरं आहे. झेडपीचे कितीतरी सदस्य आडून ठेकेदार असतात. रस्त्याचं काम कोणाच्या नावावर आणि मशीन कोणाची, हे गावातल्या पोराला ठाऊक असतं. मतदानाच्या आदल्या रात्री काय वाटलं जातं, तेही कोणापासून लपलेलं नाही. याच्या तुलनेत परीक्षा देऊन आलेला अधिकारी, बाहेरच्या जिल्ह्यातला, कोणाच्या भावकीत नसलेला, चौकशीची भीती बाळगणारा, तो बरा वाटणारच. काही प्रशासकांनी खरोखर चांगलं काम केलं, शाळांची पटपडताळणी केली, अंगणवाड्या रंगवल्या, फायली हलवल्या. हे नाकारून पुढे जाता येत नाही.

पण या साऱ्यातून "नेमणूक केली की राजकारण संपतं" हा निष्कर्ष निघत नाही. राजकारण संपत नाही, ते आपल्या नजरेपलीकडे जातं. याचा दाखला लांब शोधायला नको. जुलै २०२० मध्ये कोरोनामुळे ग्रामपंचायतींच्या निवडणुका लांबल्या, तेव्हा ग्रामविकास विभागाने आदेश काढला: मुदत संपलेल्या पंचायतींवर "योग्य व्यक्ती" प्रशासक म्हणून नेमा, आणि ती पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने नेमा. योग्य म्हणजे कोणाला योग्य, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला त्याच क्षणी कळलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि शक्यतो सरकारी किंवा स्थानिक संस्थेतलाच अधिकारी नेमावा, असं न्यायालयाला सांगावं लागलं. १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागून १५ जानेवारी २०२१ला मतदान झालं, तोवर विस्तार अधिकाऱ्यांकडे अनेक गावांची जबाबदारी होती. त्या काळात ज्यांना साधा रहिवासी दाखला किंवा नळाच्या पाइपची दुरुस्ती हवी होती, त्यांना विचारून पाहा. साहेबांवर कोणाचा राग नव्हता. साहेब सापडत नव्हते.

जे राष्ट्रपतींच्या नेमणुकीची मागणी करतात त्यांनी कलम ७४ वाचावं. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने तर ते शब्दांत स्पष्टच केलं. म्हणजे राष्ट्रपतींनी नेमलेला अधिकारी हा प्रत्यक्षात दिल्लीत ज्यांची सत्ता आहे त्यांनी नेमलेला अधिकारी असतो. राष्ट्रपती भवनाच्या शिक्क्याने पक्ष गळून पडत नाही. राज्यपालांचंच पाहा. कलम १५५ प्रमाणे त्यांना राष्ट्रपती नेमतात, आणि कलम १५६ प्रमाणे राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर ते पदावर राहतात. २००४च्या जुलैत केंद्रात सरकार बदलताच उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि गोवा या चार राज्यांचे राज्यपाल एकाच वेळी हटवले गेले. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सरकार बदललं एवढ्यावरून राज्यपाल काढता येत नाही. आपल्याच राज्यात विधान परिषदेच्या बारा राज्यपालनियुक्त जागांची यादी नोव्हेंबर २०२०मध्ये राजभवनात गेली आणि तेव्हाचं राज्य सरकार पडेपर्यंत तिच्यावर निर्णय झाला नाही. कला, साहित्य, विज्ञान, सहकार, समाजसेवा या क्षेत्रांतली माणसं सभागृहात यावीत म्हणून ठेवलेल्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. हे सगळं नेमणुकीचंच राज्य होतं. त्यात राजकारण कमी होतं का?

राज्यपाल निवडून यावा की नेमलेला असावा, यावर घटना समितीत खरोखर मोठा वाद झाला होता. मसुद्यात निवडून येणाऱ्या राज्यपालाचा पर्याय होता. मे १९४९च्या अखेरीस तो सोडून देण्यात आला, कारण लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री एकाच राज्यात असले तर दोघांची झुंज लागणार. हा युक्तिवाद मला आजही पटतो. ज्याच्याकडे रोजचा निर्णय नाही त्याला निवडणुकीला उभं करण्यात अर्थ नाही. पण याच तर्काची दुसरी बाजू आपण बघत नाही. घटनाकारांनी राज्यपालाला नेमणुकीवर सोडलं ते त्याच्या हाती कारभार नसेल असं धरून. प्रशासकाच्या हाती तर सगळाच कारभार असतो. जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा, स्थायी समिती, विषय समित्या या सगळ्यांचे अधिकार एका माणसाच्या पेनात येतात. ठराव मांडणारा तोच आणि मंजूर करणारा तोच. इतकी सत्ता नेमलेल्या माणसाला द्यावी, असं घटना समितीत कोणी सुचवल्याचं मला आढळत नाही.

आता जिल्हा नियोजन समितीकडे या, कारण खरी किल्ली तिथे आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. कलम २४३-झेडडी सांगतं की या समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्ह्यातल्या पंचायती आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे. आपल्याकडे या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. झेडपी, नगरपालिका निवडून आलेल्याच नसल्या, तर त्या चार पंचमांश खुर्च्यांवर बसणार कोण? कोणीच नाही. उरतात पालकमंत्री, आमदार, खासदार आणि अधिकारी. पालकमंत्री हे पद संविधानात नाही. त्या जिल्ह्याने त्यांना निवडलेलं असेलच असं नाही, ते अनेकदा दुसऱ्याच जिल्ह्यातले असतात. कोणत्या गावात पांदण रस्ता होणार, कोणत्या शाळेला वर्गखोली मिळणार, कोणत्या वस्तीला पाण्याची टाकी, याची यादी अशा रिकाम्या समितीतून निघते. गावातला माणूस मग आमदाराच्या बंगल्यावर जातो, कारण विचारायला दुसरं कोणी उरलेलंच नसतं. झेडपीचा सदस्य नको असं म्हणणाऱ्याने पन्नास सदस्यांची सत्ता चार-पाच आमदारांच्या हाती दिली, हे त्याच्या ध्यानात येत नाही. आणि पैसा? पंधराव्या वित्त आयोगाचा निधी महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० असा वाटण्याचं सूत्र होतं. निधीसाठी संस्था रीतसर निवडून आलेली असावी ही अट होती. निवडणूक नाही म्हणून झेडपी आणि पंचायत समित्यांचा वाटा अडकला. प्रशासक कितीही कर्तबगार असो, त्याच्या खुर्चीमुळेच हा पैसा थांबला.

आता सर्वांत जड आक्षेप घेतो. तो बाबासाहेबांचा आहे, आणि दीक्षाभूमी ज्या मुलखात आहे तिथे तो बाजूला सारून चालणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ला घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी खेड्याच्या गोडव्यांवर कठोर प्रहार केला. खेडं म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचं ठाणं, असा त्या भाषणाचा आशय होता. सेवाग्रामहून गांधीजींनी पाहिलेलं खेडं आणि बाबासाहेबांनी भोगलेलं खेडं एकच होतं, तरी दोघांना त्यात वेगळं दिसलं. जो दलित माणूस म्हणतो की गावच्या पंचांपेक्षा मला कलेक्टर बरा, त्याच्या बोलण्यामागे अनुभव आहे. २००६ साली भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, ते विदर्भ विसरलेला नाही.

पण या आक्षेपाला ७३व्या दुरुस्तीने दिलेलं उत्तर आपण प्रशासक आणून पुसून टाकतो. त्या दुरुस्तीने गावाला गावाच्या जुन्या मालकांच्या हाती दिलं नाही. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, स्त्रियांना किमान एक तृतीयांश, अध्यक्षपदांनाही आरक्षण आणि ते फिरतं, अशा अटी घालून दिल्या. महाराष्ट्राने २०११मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. या तरतुदीमुळे कोलाम आदिवासींच्या पोडावरची (पाड्यावरची), बौद्ध वस्तीतली, धनगरवाड्यातली बाई पंचायत समितीच्या सभेत जाऊन बसली. सुरुवातीला नवराच बोलत असेल. दुसऱ्या कारकिर्दीत ती स्वतः बोलते, आणि अशा बाया आज विदर्भात मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. प्रशासक आला की सगळ्यांत आधी हीच खुर्ची जाते. गावच्या पाटलाला तहसीलमध्ये ओळख असते, तो प्रशासकाच्या काळातही आपलं काम करून घेतो. ज्याला ओळख नाही, त्याच्याकडे ती खुर्ची एवढंच साधन होतं. आणि खैरलांजीची आठवण काढायची तर पूर्ण काढू: तिथे हलगर्जीबद्दल निलंबित झालेले पोलीस निवडून आलेले नव्हते, ते नेमलेलेच होते. जातीची नजर नेमणुकीच्या आदेशाने धुतली जात नाही.

"हे लोक अजून लायक नाहीत" हे वाक्य आपल्या कानांना नवीन वाटू नये. १८ मे १८८२च्या ठरावात लॉर्ड रिपनने स्थानिक मंडळांत बिगरसरकारी बहुमत आणि शक्य तिथे बिगरसरकारी अध्यक्ष असावेत असं सुचवलं, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हेच म्हटलं होतं: कारभार बिघडेल. रिपनने त्यावर आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं. कारभार सुधारावा हा या योजनेचा पहिला हेतूच नाही, लोकांना राज्य चालवण्याचं शिक्षण मिळावं हा आहे, असं त्याने लिहिलं. तो स्वतः राणीने नेमलेला व्हाइसरॉय होता आणि त्याच्या ठरावाची अंमलबजावणी अर्धवटच झाली. परक्या राजवटीच्या एका व्हाइसरॉयला १८८२मध्ये जे कळलं, ते आपण स्वतंत्र देशाचे नागरिक म्हणून विसरायचं?

आणि हा धडा महाराष्ट्रात अमलात आणणारा माणूस विदर्भातलाच होता. देशाला पंचायत राज्य सुचवणाऱ्या बलवंतराय मेहता समितीनंतर महाराष्ट्रात पंचायत राज्याची रचना ठरवायला १९६०मध्ये जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. तोवर विदर्भाने जनपद सभा पाहिल्या होत्या. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या १९४८च्या कायद्याने त्या आल्या आणि त्यांची सूत्रं महसुली अधिकाऱ्यांशी घट्ट बांधलेली होती. कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या डोक्यावर बसवायचं की नाही, हा प्रश्न नाईक समितीसमोर होता. समितीने कलेक्टरला बाहेर ठेवलं आणि आमदार-खासदारांनाही बाहेर ठेवलं. अध्यक्ष निवडून आलेला, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी अंमलबजावणी करणारा, अशी घडी बसली आणि १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गेल्या काही वर्षांत या घडीतले दोघे बाहेर ठेवलेले, अधिकारी आणि आमदार, आत आले आहेत आणि ज्याच्यासाठी घर बांधलं तो बाहेर उभा आहे.

परदेशाचे दाखले देणाऱ्यांना फ्रान्स फार आवडतो. १८००साली नेपोलियनने प्रत्येक जिल्ह्यावर प्रीफेक्ट बसवला, राज्य कसं शिस्तीत चाललं! खरं आहे. पण गोष्ट तिथे थांबत नाही. त्याच फ्रान्सने मार्च १९८२च्या कायद्याने जिल्ह्याचा कारभार प्रीफेक्टकडून काढून निवडून आलेल्या परिषदेच्या अध्यक्षाकडे दिला. प्रीफेक्ट राहिला, राष्ट्राध्यक्षांचाच माणूस म्हणून राहिला. त्याचं काम मात्र बदललं: परिषदेचा निर्णय कायद्यात बसतो की नाही ते पाहणं, न बसल्यास न्यायालयात नेणं. आपल्या सीईओंचं स्थान असंच असायला हवं. अमेरिकेचा अनुभव आणखी कडू आहे. जिंकलेल्या राष्ट्राध्यक्षाने पोस्टमास्तरापर्यंतच्या जागा आपल्या माणसांना वाटायच्या, ही तिथली रीतच पडली होती. १८८१मध्ये अशीच जागा न मिळालेल्या एकाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि १८८३मध्ये परीक्षेवर नोकरभरती करणारा कायदा झाला.

विदर्भाला वरच्या नेमणुकीचा खास स्वतःचा अनुभव आहे, तो विकास मंडळाचा. कलम ३७१(२) खाली राष्ट्रपतींनी १९९४मध्ये आदेश काढला, राज्यपालांवर विशेष जबाबदारी आली आणि विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक मंडळं झाली. त्यामागे दांडेकर समितीने १९८४मध्ये मोजून दाखवलेला अनुशेष होता. मंडळाचा काहीच उपयोग झाला नाही, असं मी म्हणणार नाही. अनुशेषाचे आकडे वर्षानुवर्षं समोर राहिले आणि राज्यपालांच्या निर्देशांमुळे सिंचनाचा पैसा सूत्राने वाटण्याची सक्ती आली. पण मंडळाचे अध्यक्ष आणि सदस्य नेमलेले. मुदतवाढ दिल्लीच्या आदेशावर. ३० एप्रिल २०२०ला मुदत संपली, ती वाढली नाही, आणि विदर्भात कोणाचीही खुर्ची हलली नाही. ज्या मंडळाला आपण निवडलं नव्हतं ते गेल्यावर कोणाला धरायचं, हेच लोकांना कळेना. हीच मंडळं झेडपी सदस्यांनी निवडलेली असती, तर ती बंद करणं इतकं सोपं गेलं असतं का?

पंचांच्या, म्हणजे सत्तेवर नजर ठेवणाऱ्यांच्या, नेमणुकीचा प्रश्न थोडक्यात. निवडणूक आयुक्त निवडून आणता येत नाही, तो नेमावाच लागतो. म्हणून तो नेमतो कोण, यात सगळं आलं. २ मार्च २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने राष्ट्रपतींनी ही नेमणूक करावी. त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी सुचवलेला केंद्रीय मंत्री आला. तिघांत दोघे सरकारचे. राज्य निवडणूक आयुक्ताला राज्यपाल नेमतात, म्हणजे व्यवहारात राज्य सरकार. त्याला काढणं उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकं कठीण आहे, हे चांगलं. पण मार्च २०२२मध्ये आपल्या विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार आयोगाकडून काढून सरकारकडे नेले, आणि त्या वेळी सत्ताधारी आणि विरोधक दोघेही एका सुरात बोलले. निवडणूक कधी लागेल याची दोरी ज्यांना हवी होती, त्यांनी ती घेतली.

राहतो खर्चाचा आणि भांडणाचा मुद्दा. निवडणुकीला पैसा लागतो, ते मान्य. पण गावातली भावकी निवडणुकीमुळे जन्मलेली नाही, बांधाच्या आणि वाटणीच्या भांडणांना मतपेटी लागत नाही. आणि लोक एकत्र बसून निर्णय घेऊ शकत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा पाहावं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" असं म्हणणाऱ्या या गोंड गावाने सर्वांच्या सहमतीने जंगल राखलं, २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११मध्ये आपला बांबू आपल्या वाहतूक परवान्याने विकायला सुरुवात केली. वनखात्याचे नेमलेले अधिकारी दशकानुदशकं ज्या जंगलाचे मालक होते, त्याचा हिशेब गाव स्वतः ठेवू लागलं. असं गाव सगळीकडे नाही, कबूल. पण असं गाव घडायला लोकांच्या हाती निर्णय असावा लागतो. तो काढून घेतल्यावर लोक शिकतील कसे?

म्हणून पुढच्या वेळी कोणी प्रशासकाची मागणी केली की त्याच्याशी "हुकूमशाही हवी का" असं भांडत बसू नये. त्याची तक्रार ऐकावी आणि तिच्यावर नेमका इलाज मागावा. ठेकेदार-सदस्य नको, तर सदस्याच्या घरच्यांच्या नावावरची कामं ग्रामसभेत वाचून दाखवायची सक्ती हवी. सरपंचपती नको, तर सभेच्या नोंदवहीत फक्त निवडून आलेल्या बाईची सही आणि तिचं बोलणं ग्राह्य धरणारा सचिव हवा. निवडणूक लांबू नये, तर प्रभागरचना आणि आरक्षण मुदत संपण्याच्या किमान एक वर्ष आधी पूर्ण करायचं बंधन हवं आणि तो अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे परत हवा. आणि एवढं करूनही कधी प्रशासक बसवावाच लागला, तर त्याने पगार, पाणी, दवाखाना, शाळा एवढंच पाहावं. नवीन कामांचे आराखडे, गायरानाचे पट्टे, बाजाराचे लिलाव यांना त्याने हात लावू नये, आणि सहा महिने झाले की त्याचा अधिकार आपोआप संपावा.

यातल्या बऱ्याच गोष्टींना कायदा लागेल आणि कायदा मुंबईत होतो. पण ग्रामसभा गावातच भरते: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. प्रशासकाच्या अधिकारांवर मर्यादा घाला आणि प्रभागरचना आयोगाकडे द्या, असा ठराव एका तालुक्यातल्या पन्नास गावांनी एकाच दिवशी करून तहसीलदारामार्फत शासनाकडे पाठवला, तर ते टपाल कोणत्या मंत्र्याला उघडावं लागणार नाही?